शेप-वन

मोरारच्या मिलिटरी हॉस्पिटलात
बोर्डानं शिक्का मारला: शेप-वन.
म्हणजे मन बरं, कान बरे, गुडघा बरा,
माणूस कुठल्याही हवेत, कुठल्याही उंचीवर
चालेल.

तू तो कागद घडी न घालता आणलास,
तळहातांवर, काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा.
मी म्हटलं, "गोड काय करू?"
आणि ओट्याशी उभी राहिले,
गॅस न पेटवता, बराच वेळ.

चौदा महिने होतास घरी.
पहिले चार मला नकोसे झाले होते, खरं सांगते.
काठीची टकटक,
मृण्मयीच्या दप्तराची रोजची तपासणी,
आणि माझे डबे तू उंचीप्रमाणे लावलेस,
परेडला उभे केल्यासारखे.
हरभऱ्याची डाळ सापडेना.
मग कधीतरी सापडायला लागली,
कधी ते कळलंच नाही.

आपण राहतो तेही लष्करात.
शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला होता इथे,
तो उठलाच नाही, त्याचा बाजार झाला,
शाळा झाल्या, चाट झाली, आपलं भाड्याचं घर झालं.
असा एखादा तळ असतो
न उठणारा.
मला वाटलं होतं.

भदौरिया भाभी भिंडच्या.
सासरा, नवरा, दीर, आता मुलगा, सगळे फौजेत.
मेथी निवडता निवडता म्हणाल्या,
जायच्या आधीच्या आठवड्यात भांडण होणारच.
होऊ दे.
मागे राहणारीला रागाचा आधार असतो चार दिवस.
पाचव्या दिवशी चादर धुऊन टाक,
नाही तर महिनाभर हात होणार नाही.

झालंच आपलं. इन्व्हर्टरच्या पाण्यावरून.
"विसरशील तू."
"तू वर होतास तेव्हा अंधारात बसले होते का मी?"
तू गप्प झालास.
कॅलेंडरच्या पाठीवर यादी करत राहिलास:
मीटर, फी, मोटारीचा वॉल्व्ह, पिवळी फाइल.
पिवळ्या फाइलीत नॉमिनीचा फॉर्म आहे.
ती आपण दोघंही
विजेच्या बिलासारखी उचलतो, ठेवतो.

गच्चीवर ट्रंक रंगवलीस.
जुन्या युनिटचा नंबर खरवडून नवा, पांढरा.
मृण्मयीनं ब्रश मागितला,
कठड्यावर एक ठिपका दिला आणि विचारलं,
"बाबा बरे झाले म्हणून जाणार?"
हो.
"मग बरं कशाला केलं?"
टर्पेंटाइनचा वास होता. कुणीच काही बोललं नाही.

जम्मूकडची गाडी चाळीस मिनिटं लेट.
निरोप संपला होता आणि गाडी आली नव्हती.
गजकचा डबा या हातातून त्या हातात.
तू इंडिकेटर वाचलास, मी वाचला,
मग वजनकाट्याचं मशीन बंद आहे
यावर आपण दोघं
केवढं बोललो.

बोर्डाला माहीत नाही ते मला माहीत आहे.
उरवाई गेटचा चढ तू रोज पहाटे चढायचास,
ठणठणीत चढायचास.
पण कुणी बघत नाहीसं वाटलं की
आपला जिना उतरताना आधी डावा पाय,
मग कठड्याला हात, मग उजवा.
मी वर उभी असायचे, दिव्याशिवाय.
सांगू शकले असते.
एका वाक्याचं काम होतं.

पण पहाटे चारला उठून
कुठेही जायचं नसताना
वर्दीला इस्त्री करणारा माणूसही
मीच पाहिला होता,
बाहीची घडी पुन्हा पुन्हा मोडून
पुन्हा घालणारा.

डब्यात चढताना तू आधी डावा पाय टाकलास.
मी मृण्मयीकडे पाहिलं.
ती गजक खात होती.

पाचव्या दिवशी चादर धुतली.
सहाव्या दिवशी डबे पुन्हा माझ्यासारखे लावले,
पाऊण तास गेला.
संध्याकाळी पुरण घालायचं म्हणून हात घातला
तर हरभऱ्याची डाळ
सापडेना.